घोड्यावरून डोंगरातल्या तळ्यांवर फ्लाय फिशिंगला जायचंय? मग आधी घोड्याचं बघा

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या विंड रिव्हर रेंज या डोंगररांगेतल्या तळ्यांचे फोटो बघून दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, रॉड कुठला घेऊ, फ्लाय (किड्यासारखे दिसणारे, पिसं-दोरा गुंडाळलेले गळ) कुठल्या घेऊ, आणि मी उलट विचारतो की तुमचं वजन किती आणि कधी सलग चार तास खोगिरात बसलायत का. समोरच्याला वाटतं हा विषय टाळतोय. पण खरं सांगतो, या ट्रिपमध्ये घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. मासे मिळतात हो, नवशिक्यालाही मिळतात, कारण त्या तळ्यांवर फार माणसं पोचतच नाहीत. ट्रिप बोंबलते ती सामान जास्त भरल्यामुळे, गुडघे धरल्यामुळे, नाहीतर रात्री घोडे सुटून खाली पळाल्यामुळे. म्हणून हा लेख मासेमारीचा असला तरी निम्म्याहून जास्त घोड्यांबद्दल आहे, नाइलाज आहे.

जागेबद्दल थोडं. विंड रिव्हरच्या पश्चिम उतारावर ब्रिजर वाइल्डरनेस आहे, १९६४ सालच्या कायद्याने वाइल्डरनेस झालेला, आत तेराशेच्या वर तळी. वाइल्डरनेस म्हणजे आत मोटर नाही, सायकल नाही, चाक असलेलं काहीच नाही. म्हणजे पाठीवर बोजा घेऊन चालत जा नाहीतर घोडा घ्या. आणि गंमत अशी की तिथले बरेचसे मासेच मुळात घोड्यावरून गेलेत. यातल्या खूप तळ्यांत पूर्वी मासाच नव्हता. १९३०मध्ये फिनिस मिचेल नावाच्या माणसाची रेल्वेतली नोकरी गेली, मग त्याने आणि त्याच्या बायकोने बिग सँडीजवळ फिशिंग कॅम्प काढला आणि दुधाच्या कॅनमध्ये ट्राऊटची पिल्लं भरून घोड्यांवर लादून वरच्या तळ्यांत सोडायला सुरुवात केली. घोडा चालताना कॅनमधलं पाणी डचमळतं, त्यात हवा मिसळत राहते आणि पिल्लं जगतात, एवढंच त्याचं तंत्र. त्याच्याच हिशोबाने सात वर्षांत ३१४ तळी आणि सुमारे २५ लाख मासे. तिथल्या एका शिखराला आज त्याचं नाव आहे.

कुठल्या प्रकारे जायचं ते ठरवा

तीन पर्याय आहेत. पहिला, आऊटफिटरची (पैसे घेऊन ट्रिप घडवणाऱ्याची) पूर्ण ट्रिप: घोडे, तंबू, जेवण, रँगलर (घोडे सांभाळणारा) सगळं त्यांचं, आपण फक्त रॉड घेऊन जायचं. दुसरा, ड्रॉप कॅम्प: ते आपल्याला आणि सामानाला तळ्यावर सोडून घोडे घेऊन परत जातात आणि ठरलेल्या दिवशी न्यायला येतात. तिसरा, स्वतःचे घोडे. तिसरा पर्याय ज्यांना जमतो त्यांना या लेखाची गरज नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी तो पहिल्या वर्षी करू नये.

माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी पूर्ण ट्रिप, दुसऱ्या वेळी ड्रॉप कॅम्प. ड्रॉप कॅम्प स्वस्त पडतो आणि घोड्यांना चारापाणी करायची कटकट राहत नाही, पण मधेच कोणाचा पाय मुरगळला तर खाली जायला घोडा नसतो, हे डोक्यात ठेवून सॅटेलाइट मेसेंजर जवळ असलाच पाहिजे.

वायोमिंगमध्ये वाइल्डरनेसमध्ये गाइड घेतलाच पाहिजे असं बरेच जण ऐकून येतात. तो नियम बाहेरच्या राज्यातून मोठ्या शिकारीला येणाऱ्यांसाठी आहे, मासेमारीला नाही. पण पैसे घेऊन लोकांना आत नेणाऱ्या आऊटफिटरकडे फॉरेस्ट सर्व्हिसचं परमिट लागतं, ते आहे का हे बुकिंग करायच्या आधीच विचारा, त्यात लाजायचं काही नाही. सोबत अजून तीन प्रश्न: स्वाराच्या वजनाची मर्यादा किती, माणशी सामान किती पौंड, आणि तळ्यावर नुसते मुक्कामाचे दिवस किती. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. सहा दिवसांच्या ट्रिपमध्ये जाण्यात आणि येण्यात दोन दिवस जातात, त्यात रोज कॅम्प हलवणार असतील तर तुम्ही फिशिंगला नाही, घोडदौडीला चाललाय.

कधी जायचं

दहा-अकरा हजार फुटांवरच्या तळ्यांवरचा बर्फ जूनच्या शेवटी ते जुलैच्या मध्यापर्यंत फुटतो, खूप उंचावरच्या तळ्यांचा त्याहून उशिरा. बर्फ नुकताच फुटलेला असताना मासे वेड्यासारखे खातात हे खरं, पण त्याच वेळी खिंडींमध्ये बर्फ असतो, ओढे फुगलेले असतात, आणि डास असे की घोड्याची मान काळी दिसते. मी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा धरतो. डास ओसरलेले, वाट कोरडी. सप्टेंबर सगळ्यात देखणा, पण एका रात्रीत पाऊल बुडेल एवढा बर्फ पडू शकतो. दुपारी विजांचा पाऊस तर उन्हाळाभर ठरलेला, त्यामुळे खिंड ओलांडायची असेल तर दुपारच्या आत ओलांडून खाली झाडांत यायचं.

कागदपत्रं

वायोमिंगचं फिशिंग लायसन्स, आणि एका दिवसापेक्षा जास्त मुदतीचं असेल तर सोबत कॉन्झर्व्हेशन स्टँप. रेंजच्या पूर्वेकडे विंड रिव्हर रिझर्व्हेशन आहे, तिथे राज्याचं लायसन्स चालत नाही, टोळीचं वेगळं परमिट लागतं, त्यामुळे नकाशावरची हद्द नीट बघा. स्वतःचे घोडे नेणार असाल तर दुसऱ्या राज्यातून येताना कॉगिन्स टेस्टचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगासाठीची रक्ततपासणी) कागद आणि जनावराच्या डॉक्टरचा दाखला, आणि नॅशनल फॉरेस्टमध्ये फक्त तणमुक्त म्हणून सर्टिफाइड केलेला चारा. किती घोडे चालतात, चराईचं काय, शेकोटीवर बंदी आहे का, हे निघायच्या आठवड्यात पायथ्याच्या पाइनडेल गावातल्या रेंजर ऑफिसला फोन करून विचारून घ्या, बंदी दर उन्हाळ्यात बदलत असते.

शरीर आणि बूट

साधा हिशोब असा की घोड्याने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ओझं न्यावं, त्यात खोगीरही आलं. ११०० पौंडाचा घोडा म्हणजे २२० पौंड, त्यातून ३५ पौंडांचं वेस्टर्न खोगीर वजा करा, राहिले १८५ पौंड, म्हणजे ८४ किलो, त्यात तुमचे बूट, जाकीट, पाणी सगळं. आऊटफिटर मोठे घोडे ठेवतात म्हणून थोडं इकडेतिकडे चालतं, पण फॉर्मवर वजन कमी लिहू नका, त्याचा त्रास तुम्हाला नाही, मुक्या जनावराला होतो.

निघायच्या आधी दोन महिने, जवळ जिथे घोडेस्वारी शिकवतात तिथे जाऊन बसा. दुडकी-बिडकी शिकायची गरज नाही, वाट चालीनेच जाते, पण खोगिरात दोन-तीन तास बसायची सवय हवी. दुखतात ते गुडघे, आणि मांडीची आतली बाजू. रिकीब एक भोक लांब करून घेतली की गुडघ्यांना बराच आराम मिळतो, हे मला तिसऱ्या ट्रिपला एका म्हाताऱ्या पॅकरने (जनावरांवर सामान लादणाऱ्याने) सांगितलं, तोपर्यंत मी संध्याकाळी बदकासारखा चालत होतो.

बूट टाचेचे आणि गुळगुळीत तळाचे. जाड खाचांच्या तळाचा हायकिंग बूट रिकिबीत अडकतो आणि पडलात तर घोडा फरफटत नेतो. हायकिंगचे बूट सामानात टाका, तळ्याभोवती फिरायला लागतीलच.

पाइनडेल ७,२०० फुटांच्या आसपास आहे, एल्कहार्ट पार्क, जिथून वाट सुरू होते, ते नऊ हजारांच्या वर. सखल भागातून विमानाने येऊन दुसऱ्या सकाळी घोड्यावर बसाल तर पहिले दोन दिवस डोकं ठणकण्यात जातील. गावात दोन रात्री काढा.

सामान: इथे वेळ घाला

पॅक घोड्याच्या (म्हणजे सामान नेणाऱ्या घोड्याच्या किंवा खेचराच्या) पाठीवर निर्जीव ओझं असतं, ते स्वारासारखं वळणावर तोल सावरत नाही, म्हणून साधारण १५० पौंडांवर थांबायचं. दोन्ही बाजूंना एकेक पॅनिअर (लटकती पेटी किंवा थैली), प्रत्येकात ५०-६० पौंड, वर मधोमध हलकं आणि मोठं सामान, त्यावर ताडपत्री आणि दोर. जड वस्तू पॅनिअरच्या तळाशी आणि घोड्याच्या अंगाकडे. टोकदार काही घोड्याच्या बाजूला नाही. आणि दोन्ही पॅनिअर ताणकाट्यावर तोलून वजनात एक-दोन पौंडांपेक्षा जास्त फरक नाही.

हा एक-दोन पौंडांचा आकडा मला आधी वेडेपणा वाटायचा. एका वर्षी सगळं तोलून झालं, आणि निघताना मला दिसलं की रीलची बॅग आणि जास्तीच्या स्पूल बाहेरच राहिल्यात. तीन-साडेतीन पौंड असतील. कोणाला न सांगता डाव्या पॅनिअरच्या झाकणाखाली सारली. पहिले चार मैल काही नाही. मग चढाची वळणं सुरू झाली, दर पावलाला ते ओझं डावीकडे एक केस सरकत गेलं, आणि मागून कोणीतरी ओरडेपर्यंत खोगीर खेचराच्या बरगडीवर आलेलं. मग ते पोटाखाली गेलं. पोटाखाली लोंबणारी वस्तू खेचराला अजिबात आवडत नाही. दोन मिनिटांत पॅनिअर फाटलं, कॉफीचं भांडं दरीत, माझी रॉडची नळी वाकून केळ्यासारखी झाली, आणि खेचर शंभर फुटांवर शांतपणे गवत खात उभं. पॅकरने मला काही बोल लावला नाही, फक्त ताणकाटा काढून माझ्या हातात दिला आणि बाकीच्या सगळ्या पॅनिअर मला पुन्हा तोलायला लावल्या.

तर रॉड चार तुकड्यांचा आणि कडक नळीत, नळी वरच्या ओझ्यात लांबीने बांधलेली, बाहेर डोकावता कामा नये. खोगिराला रॉड आडवा लटकवायचा मोह होतो, झाडाच्या फांदीला अडकला की रॉडही गेला आणि घोडाही बुजला. कपडे मऊ डफल बॅगेत, सुटकेस नको. खोगिराच्या मागे स्वतःपाशी फक्त रेनकोट, पाणी, खाऊ, उबदार जाकीट. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवणारा तिखट फवारा) मात्र खोगिराला नाही, स्वतःच्या कमरेला. ग्रिझली अस्वलाला बघून घोडा तुम्हाला टाकून पळाला तर स्प्रेही त्याच्याबरोबर जाईल, मग वरातीमागून घोडं म्हणतात तसं.

वाटेवर

बसताना घोडा उताराच्या कडेला उभा करून तुम्ही वरच्या बाजूने चढा, उंची कमी पडते आणि खोगीर ओढलं जात नाही. निघाल्यावर १५-२० मिनिटांनी थांबून तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा आवळायचा, ही पायरी कधीच गाळू नका, कारण तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात आणि चालायला लागले की सोडतात. चढावर थोडं पुढे झुका, उतारावर सरळ बसा. फार तीव्र उतार किंवा ओले गुळगुळीत खडक आले तर उतरून चालत जा. पुढच्या घोड्यापासून एका घोड्याची लांबी अंतर ठेवा, लाथ तिथपर्यंत पोचत नाही.

रेनकोट घोड्यावर बसून घालू नका. फडफडणारं पिवळं प्लॅस्टिक डोळ्याच्या कोपऱ्यात दिसलं की शहाणा घोडाही वेडा होतो. ढग जमले की उतरा, घोडा धरा, घाला, परत बसा. ऑगस्टमध्ये जमिनीत घर करणाऱ्या गांधीलमाश्या असतात, पहिला घोडा त्यांना उठवतो आणि चावतात त्या तिसऱ्याला. कोणी ओरडलं तर विचार न करता पुढे पळवायचं.

पॅक घोडे एकामागे एक बांधताना मधे सुतळीचा एक तुकडा ठेवतात, जोर पडला की तुटावा म्हणून. एक घसरला तर बाकीचे त्याच्याबरोबर जात नाहीत. कोणी मधे मजबूत दोर बांधताना दिसलं तर थांबवा.

कॅम्प

तळ्यापासून आणि वाटेपासून २०० फूट लांब, तंबूही आणि घोडेही. घोडे झाडाच्या खोडाला रात्रभर बांधायचे नाहीत, खुरांनी मुळं उघडी पाडतात. दोन जाड झाडांमध्ये रुंद पट्टे लावून डोक्याच्या वर, सात फुटांवर दोर ताणायचा आणि घोडे त्या दावणीला, जमीन कोरडी आणि खडकाळ असेल तिथे. दोर एवढाच लांब की तोंड खाली जाईल पण पाय त्यात अडकणार नाही. संध्याकाळी दोन तास पायाला हॉबल (पाय जखडणारा आखूड पट्टा) लावून चरायला सोडतात, म्होरक्या घोडीच्या गळ्यात घंटा. सगळ्यांना एकदम सोडू नका, एक तरी दावणीवर ठेवा, नाहीतर सकाळी सगळे गाडीतळावर आणि तुम्ही वर. खोगीर झाकून ठेवा, घामाच्या मिठासाठी साळिंदर येऊन चामडं कुरतडतं.

खाणं, टूथपेस्ट, कचरा आणि घोड्यांचं पेंडीचं पोतंसुद्धा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, नाहीतर जमिनीपासून १० फूट वर आणि खोडापासून ४ फूट लांब टांगलेलं. पोतं लोक विसरतात. मासे तळायची जागा तंबूपासून लांब. पाणी गाळून किंवा उकळून, कितीही नितळ दिसलं तरी पोट बिघडवणारा जिआर्डिया जंतू डोळ्यांना दिसत नाही.

आता मासे

९ फुटी ५ वेट (मध्यम ताकदीचा) रॉड, तरंगणारी लाइन, आणि एका स्पूलवर हळू बुडणारी. ९ ते १२ फुटांचा लीडर (लाइनच्या टोकाचा निमुळता पारदर्शक दोरा), ५ एक्स टिपेट (त्याच्या पुढचा बारीक तुकडा, याला फ्लाय बांधतात). फ्लायच्या दोन छोट्या पेट्या पुरतात: पॅराशूट अॅडम्स, एल्क हेअर कॅडिस, काळी मुंगी, भुंगा, ग्रिफिथ्स नॅट, आणि पाण्याखाली फेझंट टेल, झीब्रा मिज, स्कड, काळा किंवा ऑलिव्ह वूली बगर. काळी मुंगी एकच घ्यायची म्हटलं तरी मी जाईन, वाऱ्याने झाडांवरच्या मुंग्या पाण्यात पडतात आणि मासा त्या सोडत नाही. गळाचे काटे पक्कडीने चेपून टाका.

तळं म्हणजे नदी नव्हे. नदीत मासा जागेवर असतो आणि खाणं वाहत येतं, तळ्यात खाणं जागेवर आणि मासा फिरतो. त्यामुळे पोचल्या पोचल्या लाइन फेकू नका. पोलराइज्ड चष्मा घालून उंच खडकावर दहा मिनिटं बसा, पाणी कुठे आत येतं, कुठे बाहेर जातं, हिरवट उथळ भाग कुठे संपून एकदम काळं पाणी सुरू होतं ते बघा. त्या कडेने मासे गस्त घालतात, आणि बहुतेक वेळा त्याच त्या वाटेने परत येतात. तो येणार त्या वाटेवर, दोन-तीन मीटर पुढे, फ्लाय टाकून स्वस्थ राहायचं. अंगावर टाकलीत तर गेला.

सकाळी पाणी आरशासारखं असतं तेव्हा बारीक फ्लाय आणि लांब लीडर. दहा-अकराला वारा सुटला की बरेच जण वैतागून कॅम्पवर येतात, मी उलट वारा ज्या काठावर आपटतो तिकडे जातो. सगळे पडलेले किडे तिथे गोळा होतात, आणि लाटांमुळे मासा तुम्हाला बघत नाही. वाऱ्याच्या तोंडावर फेकायला त्रास होतो, पण वीस फूट फेकलं तरी पुरतं.

ब्रूक ट्राऊट काही तळ्यांत इतके झालेत की सगळे हातभर सोडा, वीतभरच राहतात. लायसन्सच्या मर्यादेत ते बिनधास्त खा. कटथ्रोट ट्राऊट थोडे मोठे, स्वभावाने भोळे. आणि मग गोल्डन ट्राऊट. मूळचा कॅलिफोर्नियाच्या कर्न नदीच्या खोऱ्यातला, इथे आणून सोडलेला, पण गोल्डन ट्राऊटचा जागतिक रेकॉर्ड याच डोंगरातला: १९४८मध्ये कुक लेकमध्ये ११ पौंड ४ औंस. तेवढा काही कोणाला मिळत नाही, पण तेरा-चौदा इंचाचा मिळाला तरी ट्रिप वसूल.

गोल्डन नखरेल. माझा पहिला मी अर्धा तास बघत होतो, खडकाखालून निघून काठाकाठाने पंधरा पावलं जायचा आणि वळायचा. अॅडम्स टाकली, तो वर आला, फ्लायच्या खाली नाक लावून थांबला, आणि हळूच खाली गेला. कॅडिसला तेच. मग मुंगी टाकली, तो खाली थांबलेला असताना रॉडचं टोक जेमतेम थरथरवलं, मुंगी एक इंच हलली आणि त्याने तोंड उघडलं. इथे घाई केली तर तोंडातून ओढून काढाल. तोंड मिटून डोकं खाली वळेपर्यंत थांबा, मग रॉड उचला. हातात आला तेव्हा पोटाला विस्तवासारखा तांबडा पट्टा, बाजू हळदीसारखी. हात आधी ओले करा, मासा पाण्याबाहेर काढायचाच असेल तर एका श्वासापुरता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओढ्यांच्या तोंडाशी मासे अंडी घालत असतात, तिथल्या स्वच्छ दिसणाऱ्या खडीवर पाय देऊ नका आणि त्या माशांना गळही टाकू नका.

उतरताना

परतीला खाणं संपलेलं असतं, त्यामुळे पॅनिअर हलक्या पण वेड्यावाकड्या झालेल्या असतात. पुन्हा तोला, जातानाच्या अंदाजाने भरू नका. दावणीखालची लीद पायाने पसरवून टाका, खुरांनी झालेले खड्डे बुजवा. घराकडे तोंड झालं की घोडे आपोआप वेग घेतात, त्यांना दुडकी धरू देऊ नका, लगाम हलका पण हातात, आणि शेवटचा मैल उतरून चालत या म्हणजे पाठ थंड होते. खोगीर उतरवल्यावर पाठीवरून हात फिरवा, कुठे सूज किंवा केस उलटे झालेले लागले तर रँगलरला तेव्हाच सांगा, कारण बहुतेक दोनच दिवसांनी तोच घोडा पुढच्या पाहुण्यांना घेऊन वर निघणार असतो.